लोहाच्या गोळ्या आठ महिने घेतल्या, हिमोग्लोबिन हललं नाही – आमवात आणि अंगभर पसरलेला दाह

शुभदा_सातारा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान झालं. सुरुवात खडूपासून झाली. फळ्यावर लिहिताना तो बोटांतून निसटायला लागला. मग सकाळी कुकरचं झाकण बसेना, ब्लाउजची हुकं लागेनात. साडेदहा-अकरापर्यंत मूठ वळायची नाही, आणि दुपारी सगळं बऱ्यापैकी ठीक. घरच्यांना दुपारची मी दिसायची, सकाळची मी कुणालाच दिसायची नाही. याचा त्रास दुखण्याइतकाच होता.

पण आज सांध्यांबद्दल लिहायचं नाहीये. सांधे सोडून बाकीच्या शरीराचं काय होतं, ते मला पाच वर्षं कळलंच नव्हतं, त्याबद्दल लिहायचंय.

माझं हिमोग्लोबिन कायम नऊच्या आसपास. जिना चढले की धाप. संध्याकाळी वह्या तपासायला बसले की डोळे मिटायचे. ताप नाही, पण कणकण सतत. सगळ्यांनी सांगितलं रक्त कमी आहे. बीट, खजूर, अळिवाचे लाडू झाले. लोहाच्या गोळ्या आठ महिने घेतल्या. बद्धकोष्ठ आणि पित्त पदरात पडलं, आणि हिमोग्लोबिन ९.१ वरून ९.३ वर गेलं. मला वाटायचं, माझ्याच पथ्यात काहीतरी चुकतंय.

गेल्या वर्षी सांध्यांचे डॉक्टर, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट बदलले. नव्या बाईंनी फेरिटिन करायला सांगितलं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. ते आलं २३८. मी चक्रावले. रक्तात लोह कमी म्हणून गोळ्या चालू, आणि साठा तर भरपूर!

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. अंगात जंतू शिरले की शरीर सगळ्यात आधी लोह लपवतं, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. हा निरोप पोचवणारं एक रसायन आहे, इंटरल्युकिन-६. ते यकृताला सांगतं, यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि हेप्सिडिन लोहाची दारं बंद करतं. आतड्यातलं लोह रक्तात येत नाही, आणि पेशींत साठलेलं बाहेर पडत नाही. आठवड्याभराच्या तापात ही सोय उत्तमच. पण आमवातात जंतू नाहीतच. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठलेली असते, त्यातून दाह (इन्फ्लमेशन) होतो, आणि इंटरल्युकिन-६ चा निरोप वर्षानुवर्षं जात राहतो. कणगी धान्याने भरलेली, पण तोंड लिंपून टाकलेलं. वरून आणखी पोती आणून ओतायचा प्रयत्न केला तर ती सांडणारच. माझ्या आठ महिन्यांच्या गोळ्या अशा सांडल्या.

त्यांनी लोह बंद केलं आणि मेथोट्रेक्सेट या माझ्या आमवाताच्या औषधाचा आठवड्याचा डोस १५ वरून २० मिलिग्रॅम केला. रक्तासाठी वेगळं काहीच दिलं नाही. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२. जिन्याची धाप गेली. मुख्य म्हणजे कणकण गेली, आणि ती आमवाताचाच भाग होती हे तेव्हा कळलं.

म्हणजे हे दुखणं बोटांत दिसतं, पण असतं सगळ्या अंगात. यकृत, मेंदू, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडं, सगळ्यांना तेच निरोप पोचत असतात. इथे अनेक जण आमवात, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइड यांच्याशी झुंजताहेत. तुमच्याकडे सांध्यापलीकडचं काय काय झालं, ते लिहाल का?

लॅबवाले_बापू

ताई, चांगला विषय घेतलात. मी ३४ वर्षं प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. दाह मोजायच्या दोन तपासण्या सगळ्यांच्या फायलीत असतात, ईएसआर आणि सीआरपी. लोक आकडा बघतात आणि घाबरतात किंवा निश्चिंत होतात. तो आकडा येतो कसा ते सांगतो, म्हणजे वाचायला सोपं जाईल.

ईएसआरमध्ये यंत्राची फारशी करामत नाही. रक्त उभ्या नळीत भरायचं, एक तास ठेवायचं, आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. नेहमी लाल पेशी एकमेकींना दूर सारतात. दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं, त्यामुळे पेशी एकीवर एक बसतात, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या. चवड जड, म्हणून भरभर खाली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ही चवड मी हजारो वेळा पाहिली असेल, तरी दर वेळी थांबून बघायचो.

आता यात गोम काय, तर ज्याच्या रक्तात पेशीच कमी, त्याच्या पेशी तशाही लवकर बसतात. म्हणजे शुभदाताईंचं हिमोग्लोबिन ९ असताना ईएसआर वाढलेला दिसणारच, दाह कितीही असो. वय वाढलं की वाढतो, गरोदरपणात वाढतो. आणि दाह उतरला तरी फायब्रिनोजेन सावकाश उतरतं, त्यामुळे ईएसआर मागे रेंगाळतो.

सीआरपी यकृतातून थेट येतं, तेही इंटरल्युकिन-६ च्याच सांगण्यावरून. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते १९३० मध्ये सापडलं. काही तासांत चढतं आणि कारण थांबलं की रक्तातलं प्रमाण साधारण १९ तासांत निम्मं होतं. आजची स्थिती बघायला सीआरपी, मागच्या काही आठवड्यांचा अंदाज घ्यायला ईएसआर, असं मी लोकांना सांगायचो.

आणि एक कळकळीची विनंती. एकक बघा! एक लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ०.८ प्रति डेसिलिटर म्हणजे ८ प्रति लिटर. लॅब बदलल्यावर "माझा सीआरपी आठवरून शून्यावर आला" म्हणून पेढे घेऊन आलेले एक गृहस्थ मला आजही आठवतात. त्यांना समजावून सांगताना माझाच जीव खालीवर होत होता.

गुलबक्षी

बापूकाका, तुमच्या प्रतिसादाला एक जोड. ल्युपसवाल्यांनी (हाही प्रतिकारशक्ती स्वतःवरच उठण्याचा आजार) सीआरपीवर विसंबू नये.

मी नागपूरची, ल्युपसला आता अकरा वर्षं होतील. २०१८ मध्ये माझा सीआरपी ४ होता, अगदी नॉर्मल. पायावर सूज यायला लागली, लघवीला फेस यायला लागला. मी रिपोर्ट बघून म्हणत होते की दाह नाहीये, उन्हाळा आहे, जास्त उभी राहिले असेन. लघवीतलं प्रथिन तपासलं तेव्हा दुखणं मूत्रपिंडापर्यंत पोचलेलं होतं. ल्युपसमध्ये ईएसआर वाढतो, पण सीआरपी पुष्कळदा त्या प्रमाणात वाढतच नाही. उलट एकदम चढला तर डॉक्टर आधी जंतुसंसर्ग शोधतात. आमच्याकडे बघायचं असतं ते सी३ आणि सी४ ही रक्तातली प्रथिनं कमी झालीत का, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढलीत का, आणि लघवी. लघवीची तपासणी सगळ्यांत स्वस्त, आणि आमच्या कामाची सगळ्यांत जास्त.

दुसरं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आम्हा ल्युपसवाल्यांची नेहमीची गोळी. २०२० च्या मार्चमध्ये कोविडवर चालेल म्हणून या गोळीचा बोलबाला झाला आणि आठवड्याभरात आमच्या भागातल्या दुकानांतून ती गायब झाली. टाळेबंदीत भाऊ चिठ्ठी घेऊन अकरा दुकानं फिरला, बाराव्यात दोन पट्ट्या मिळाल्या. मी दिवसाआड घेऊन त्या पुरवल्या. कोविडवर तिचा उपयोग नाही हे नंतर मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालं. ज्यांचा आजार याच गोळीने धरून ठेवला होता त्यांचे ते दिवस कसे गेले असतील, हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. कुणी ही गोळी घेत असेल तर सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. मी घेते.

पहाटे_चारचा_गजर

मी २९, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांचा दाह. चार वर्षं मला सगळे सांगत होते, खुर्ची बदल, गादी बदल. पण बसून दुखणारी पाठ आडवं झाल्यावर बरी वाटते. माझी पाठ पहाटे चारला झोपेतून उठवायची, आणि घरात वीस मिनिटं येरझारा घातल्या की सैल व्हायची. विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने कमी होतं, ते दाहाचं दुखणं. एवढी एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती.

शेवटी निदान पाठीमुळे नाही, डोळ्यामुळे झालं. डावा डोळा लालबुंद, उजेड सहन होईना. डोळे आलेत समजून गुलाबपाणी घालत होतो. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, हा आतला दाह आहे, पाठ दुखते का? मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग एमआरआय, एचएलए-बी२७ ही या आजारासाठीची रक्ततपासणी, सगळं झालं.

आता टीएनएफ (दाह वाढवणारं एक रसायन) अडवणारं इंजेक्शन चालू आहे. ते सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि माँटूची चाचणी केली. माँटू पॉझिटिव्ह, म्हणून आधी टीबी प्रतिबंधक गोळी सुरू केली, महिन्याभराने इंजेक्शन. मला तेव्हा राग आला होता, की एवढं दुखतंय आणि हे महिनाभर थांबवताहेत. कुणी याचं कारण नीट सांगेल का?

स्टेथोस्कोप

मी या विषयात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कुणाच्याही वैयक्तिक औषधांवर इथे सल्ला देणार नाही.

गजर, थांबवलं ते योग्यच केलं. आपल्याकडे असंख्य लोकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात. शरीराने त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण घातलेलं असतं, आणि ते कुंपण उभं ठेवायला टीएनएफ लागतं. तेच औषधाने अडवलं की कुंपण ढासळतं. दाह ही शत्रूसारखी गोष्ट नाही, तो आपल्या राखणदाराचं काम आहे. आपण राखणदाराला हटवत नाही, त्याचा आवाज खाली आणतो. म्हणून आधी टीबी बघायचा, हिपॅटायटिस बघायचा, लसी पूर्ण करायच्या.

टीएनएफची गोष्ट मला फार आवडते. दाहाच्या साखळीत अशी डझनावारी रसायनं आहेत, मग एकाला अडवून काय होणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काचेत वाढवल्या आणि दाखवलं की टीएनएफ अडवलं तर त्यामागची बाकीचीही खाली येतात. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना ते औषध दिलं. मैनींचा जन्म भारतातला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. इंटरल्युकिन-६ चं श्रेय जपानच्या ओसाकामधल्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाकडे जातं. ते अडवणारं टोसिलिझुमॅब आता आपल्याकडेही वापरतात. बापूंनी लिहिलंय त्याला धरून एक सावधगिरी: या औषधावर असताना यकृताला निरोपच पोचत नाही, त्यामुळे अंगात मोठा जंतुसंसर्ग असला तरी सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी रुग्णाकडे बघायचं, कागदाकडे नाही.

शुभदाताईंनी सकाळच्या आखडण्याबद्दल लिहिलंय. इंटरल्युकिन-६ रात्री उशिरा चढायला लागतं आणि पहाटे शिखरावर असतं. त्याला आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळी वाढतं, पण आमवातात ते अपुरं पडतं. म्हणून सकाळ इतकी अवघड. घरच्यांना हे वाचायला द्या.

थकव्याबद्दलही. फ्लू झाल्यावर आपण पांघरूण घेऊन पडतो, जेवण नको वाटतं, बोलणं नको वाटतं. हे जंतू करत नाहीत, दाहाची रसायनं मेंदूला तसं वागायला लावतात, जेणेकरून शक्ती लढाईसाठी उरावी. दीर्घ दाहात माणूस अशा अर्ध्या फ्लूमध्ये वर्षानुवर्षं कामावर जात असतो. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे, आणि आपल्याकडे बायकांवर तो रोज होतो.

सह्याद्रीकर

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण एक बाजू राहते असं वाटतं. माझी आई ६१ वर्षांची, गावी असते. तिला आमवात सांगितला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तोंड आलं म्हणून तिने सोडल्या. आता ती आंबट खात नाही, वांगं, बटाटा, हरभऱ्याची आणि तुरीची डाळ बंद आहे, रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. आणि शेजारच्या तालुक्यातला एक माणूस पुड्या देतो, पूर्ण जडीबुटी आहे असं सांगतो. पुडी घेतली की दोन-तीन तासांत आई चालायला लागते. सात महिने झाले. गोळ्यांना तीन महिने लागतात म्हणतात आणि इथे दोन तास. मग कोणतं बरं?

अनुराधा_न्यूजर्सी

सह्याद्रीकर, तोंड आलं म्हणालात म्हणून विचारते, आई मेथोट्रेक्सेट रोज घेत होत्या का? ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते.

माझ्या आईचं तसंच झालं होतं. ती कोल्हापूरला, मी इथे. दुकानातल्या मुलाने पाकिटावर १-०-० लिहून दिलं. तिने नऊ दिवस रोज घेतली. व्हिडिओ कॉलवर ती नुसतं ताक पीत होती, भात नको म्हणाली, तेव्हा मी म्हटलं आ कर. जीभ आणि गाल आतून सोललेले. तसंच दवाखान्यात पाठवलं, पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या. फॉलिनिक आम्लाची इंजेक्शनं दिली, दहा दिवस ॲडमिट होती. सुदैवाने वाचली. आता कॅलेंडरवर फक्त शनिवारावर लाल गोल असतो, आणि शनिवारी सकाळी मी फोन करते. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या रंगाच्या झाकणाची, कारण दोन्ही गोळ्या छोट्या आणि पिवळसर असतात.

ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी आज उठून पाकिटावर वाराचं नाव लिहा. खरंच.

औसेकर

मी लातूर भागातला. सह्याद्रीकर, पुडीचं वाचून राहवलं नाही. माझे वडील अशीच पुडी दीड वर्ष घेत होते. पहिले दोन महिने आम्ही त्या माणसाला देव मानत होतो. वडिलांना भूक लागायला लागली, चेहरा भरला, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. मग चेहरा भरतच गेला, गोल झाला. हातपाय मात्र काड्यांसारखे. कातडी इतकी पातळ की बैलाच्या दाव्याने घासलं तरी रक्त यायचं. साखर ३८० निघाली, आधी कधीच नव्हती.

आमच्या लक्षात आलं आणि आम्ही रागाने पुड्या त्याच दिवशी बंद केल्या. ती आमची मोठी चूक. तिसऱ्या दिवशी उलट्या, बीपी पडलं, वडील न्हाणीत कोसळले. डॉक्टरांनी सांगितलं, पुडीत स्टेरॉइड असणार. शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलं होतं, आणि आपण बाहेरचंही एकदम काढून घेतलं. नंतर डॉक्टरांनी मोजूनमापून, काही महिने लावून कमी केलं. म्हणून हात जोडून सांगतो, आजच्या आज बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. डॉक्टर गाठा.

स्टेथोस्कोप

औसेकरांनी लिहिलंय त्यातला शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे. सह्याद्रीकर, आईंच्या पुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण दोन-तीन तासांत उतरणारा आमवात म्हटलं की आमच्या मनात पहिला संशय स्टेरॉइडचा किंवा तीव्र वेदनाशामकाचा येतो. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका तरुण रुग्ण बाईंना पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. बिछान्याला खिळलेल्या त्या काही दिवसांत चालायला लागल्या. १९५० मध्ये हेंच यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. डोस आणि दुष्परिणाम यांचा हिशेब पुढच्या काही वर्षांत कळत गेला. आम्ही ते आजही देतो, पण थोडं, थोड्या काळासाठी, गोळीवर आकडा लिहिलेला असतो म्हणून. पुडीवर आकडा नसतो.

गुळवेलीबद्दल. प्रतिकारशक्ती वाढवा हा सल्ला ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उठलीय त्यांना लागू नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले, ती सूज स्वप्रतिकारातून येणाऱ्या काविळीसारखी होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तो वाद आहे. पण मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतं, त्यामुळे माझ्या रुग्णांना मी गुळवेल नको म्हणते. भाजीतली हळद, हळदीचं दूध याला माझी काहीच हरकत नाही. कुर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीच्या अर्काच्या, तीव्र कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको, त्यांनीही यकृत दुखावल्याच्या नोंदी आहेत.

पथ्याचं मला जास्त वाईट वाटतं. आंबट, वांगं, बटाटा यांनी आमवात वाढतो याला पुरावा नाही. कुणाला स्वतःला एखाद्या पदार्थाने त्रास होत असेल तर टाळावा. पण डाळ बंद? दीर्घ दाहात शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. त्यात आपण माणसाच्या ताटातलं वरण काढून घेतो. आईंना आज रात्री वरण-भात द्या, तूप घालून. बंद करायचीच असेल तर विडी-सिगारेट. आमवाताशी तिचं नातं पक्कं सिद्ध झालंय. आणि दात-हिरड्यांकडे लक्ष द्या. हिरड्यांचा जुनाट दाह आणि आमवात यांचा संबंध आहे. आपल्याकडे बायका मिश्री लावतात, त्यात हिरड्या जातात, ती सोडवा.

निशिगंध

एक छोटा प्रश्न. मला चिकनगुनिया होऊन तीन महिने झाले. सांधे अजून धरतात. आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलीय. म्हणजे आमवात झाला का?

लॅबवाले_बापू

घाबरू नका. आरए फॅक्टर निरोगी माणसांतही काही जणांत येतो, टीबीत येतो, काविळीत येतो. अँटी-सीसीपी करून घ्या, ती तपासणी आमवातासाठी बरीच नेमकी आहे. चिकनगुनियाचे सांधे काही महिने त्रास देऊ शकतात आणि मग बहुतेकांचे उतरतात. पण सूज हटतच नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे चकरा न मारता र्‍हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा.

शुभदा_सातारा

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! दोन दिवस शाळेच्या परीक्षा होत्या, आत्ता वाचतेय.

स्टेथोस्कोप, तुमचा थकव्याचा परिच्छेद मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. यांनी वाचला आणि काही बोलले नाहीत. आज सकाळी उठले तर कुकर लावलेला होता.

हृदयाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण ते मला माझ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. आमवात असणाऱ्याला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट धरतात. तीच रसायनं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरालाही त्रास देत असतात. यात एक फसवी गोष्ट आहे. दाह जोरात असताना कोलेस्टेरॉल कमी दिसतं. माझं दाह भरात असताना १५२ होतं, मी खूश. उपचार लागू पडल्यावर १९४ झालं. मी घाबरून विचारलं तर त्या म्हणाल्या, आधीचा आकडा दाहाने दाबलेला होता, आता खरा दिसतोय, आणि हृदयाला धोका तेव्हा जास्त होता. म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा बघायचंच, सांधे कितीही छान असोत.

आणि एक उलटं उदाहरणही, नाहीतर प्रत्येक दुखण्याला आपण दाहच म्हणू. माझं उजवं मनगट अजून दुखतं. सीआरपी २, सोनोग्राफीत सूज नाही. ते मनगट पहिल्या दोन वर्षांत, उपचार सुरू व्हायच्या आधीच झिजलं. दाह गेला, झीज राहिली. औषधाचा डोस वाढवून त्याला काही होणार नाही, पट्टा आणि व्यायाम एवढंच. त्या दोन वर्षांत मी मालिश, लेप, शेक, सगळं करत बसले होते. तेव्हा सहा महिन्यांच्या आत योग्य ठिकाणी गेले असते तर हे मनगट वाचलं असतं, याची खंत मला आहे.

स्टेथोस्कोप

ही खंत फार जणांची आहे, तुमची एकटीची नाही. पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. त्यात प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं, म्हणजे दोनशे माणसांत एक. मोठ्या गावात अशी पाच-पंचवीस माणसं सहज असतील, आणि जवळचा र्‍हुमॅटॉलॉजिस्ट अनेकदा दोन-तीन जिल्हे पलीकडे. लोक लेप लावत बसतात ते अडाणीपणाने नाही, दुसरं कुणी हाताशी नसतं म्हणून.

सह्याद्रीकर

मी परवा जरा ताठ्याने लिहिलं होतं. राग मानू नका. अनुराधाताई, तुमचं वाचून गावी फोन केला. आईने जुनं पाकीट जपून ठेवलं होतं. भावाने फोटो पाठवला. रोज एक असंच लिहिलेलं आहे. म्हणजे गोळी वाईट नव्हती.

औसेकर, आईचा चेहरा गोल झालाय. दिवाळीच्या फोटोशी ताडून बघितला, मग दिसलं. आम्ही पण तब्येत सुधारली म्हणत होतो.

पुड्या बंद केलेल्या नाहीत, तुम्ही सांगितलं तसं. मंगळवारची वेळ मिळालीय. सोबत काय न्यायचं ते सांगा.

शुभदा_सातारा

बरं केलंत. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घ्या. ते रोज एक लिहिलेलं पाकीट घ्या. साखर आणि बीपी उद्याच गावात तपासून आकडा लिहून घ्या. उलट्या, चक्कर, फार अशक्तपणा असं काही वाटलं तर मंगळवारची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्या आणि सात महिने पुडी चालू आहे हे आधी सांगा. आईंना सकाळी किती वाजेपर्यंत मूठ वळत नाही ते त्यांनाच विचारून लिहा, तुमच्या अंदाजाने नको. आणि पुड्या लाजेने टाकून देऊ नका, दोन-तीन न उघडलेल्या तशाच घेऊन जा. डॉक्टरांना दाखवा.